सव्वीस मागण्या आणि ‘हे अंशतः खरे आहे’

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून आलेलं कास्टिंग घ्यायचं, व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लावायचं, बोअर-ड्रिल-टॅप मारून परत पाठवायचं. संघटनेची वर्गणी भरणं आणि वार्षिक सभेनंतर जेवून येणं, इतकाच माझा सार्वजनिक उद्योग होता. मग कार्यकारिणीत नाव घातलं गेलं आणि पहिल्याच बैठकीत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी आमदारांना द्यायच्या मागण्यांचा मसुदा माझ्या गळ्यात पडला. कारण विचाराल तर एवढंच, की मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं.

संघटनेच्या कपाटात जुन्या निवेदनांची फाइल होती, ती घरी आणून वाचली. वर्ष कुठलंही असो, सुरुवात शाहू महाराजांनी घातलेल्या उद्योगाच्या पायापासून. मग मागण्यांची माळ. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘अन्यथा आम्हांस नाइलाजाने कर्नाटकात स्थलांतर करावे लागेल.’ कागलच्या पंचतारांकित वसाहतीपासून कर्नाटकची हद्द गाडीने काही मिनिटांवर आहे, त्यामुळे त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण तीच धमकी इतक्या वेळा देऊन झाली होती, की एका पुढाऱ्याने म्हणे आमच्याच स्नेहमेळाव्यात हसत विचारलं होतं, “मग, कधी निघताय?”

प्रत्येक निवेदनाला एक फोटो जोडलेला. पुष्पगुच्छ, शाल, हातात कागद धरून कॅमेऱ्याकडे बघणारे सात-आठ जण. शेजारी दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं कात्रण. पुढे त्या कागदाचं काय झालं, हे सांगणारी एक ओळसुद्धा फाइलमध्ये नव्हती. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच मोजक्याच पत्रांना, उत्तर जवळपास कशालाच नाही.

सभासदांकडून सूचना मागवल्या तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाऊस पडला. छाटून, एकात एक घालून शेवटी सव्वीस मागण्या उरल्या. विजेचे दर, एमआयडीसीच्या पाण्याचे दर, ग्रामपंचायतीचा घरफाळा म्हणजे घरपट्टी, फौंड्रीची टाकाऊ वाळू, पंचगंगेच्या पुराने बंद पडणारा महामार्ग, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे, जॉबवर्कवरचा जीएसटी, माथाडी कायदा, व्यवसाय कर, आयटीआयमधला मोल्डर ट्रेड. एका सभासदाने तर विमानांच्या वेळा बदलून मागितल्या होत्या.

सगळं सव्वीस मागण्यांचं बाड तसंच द्यावं, असं बऱ्याच जणांचं मत होतं. त्यात कुणी दुखावत नाही, हा त्याचा मोठा फायदा. माझं म्हणणं पडलं, की तीनच द्यायच्या. त्यावरून जी बैठक झाली तिच्यासारखी बैठक मी पुन्हा पाहिलेली नाही. चहा दोनदा येऊन गार होऊन गेला.

भांडणाचं मूळ होतं वीज, आणि विजेच्या पोटात एचटी विरुद्ध एलटी, म्हणजे उच्चदाब विरुद्ध लघुदाब. बाहेरच्या माणसाला ‘उद्योजक’ म्हणजे सगळे एक वाटतात. फौंड्रीवाला उच्चदाबाचा ग्राहक. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज जाते, वर सॅण्ड प्लांट, कॉम्प्रेसर वेगळे. त्याच्या दृष्टीने वीज हा निम्मा कच्चा मालच. माझ्यासारख्याचं किंवा माझ्याहून लहान, दोन लेथवाल्याचं वीजबिल नोकराच्या पगाराएवढं. त्याला वीज महाग वाटते, पण झोप उडते ती घरफाळ्याच्या नोटिशीने.

त्यात रात्रीचा प्रश्न. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वापरलेल्या विजेला युनिटमागे दीड रुपया सूट होती. त्या हिशेबावर आमच्याकडच्या फौंड्र्यांनी मेल्टिंग रात्री लावलं, कामगारांच्या पाळ्या तशा बसवल्या. २०२५ च्या दररचनेत ही घडी उलटी झाली. स्वस्त वीज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, म्हणजे सूर्य असेल तेव्हा, आणि जादा आकार संध्याकाळी पाच ते रात्री बारा. राज्यात सौर वीज वाढली, दिवसा वीज उरते, ती तेव्हाच वापरली जावी, हे तर्काला धरून आहे. पण ज्याने छतावर सोलर बसवलं त्याची दिवसाची शिल्लक वीज संध्याकाळच्या बिलात वळती होईना, आणि ज्याने रात्रपाळी लावली त्याची सूट गेली. दोघेही आमचेच सभासद. एकाला दिवस हवा, दुसऱ्याला रात्र.

“सवलत मागायची तर रात्रीचीच मागा,” एक फौंड्रीवाले म्हणाले.

“आणि आम्ही काय रात्री लेथ फिरवायचा? शेजारी झोपू देतील होय?” उद्यमनगरातले एक आण्णा. त्यांचं वर्कशॉप घराखालीच आहे.

ही बाचाबाची मिटली ती तडजोडीने मिटली नाही. बैठकीला आम्ही एक गृहस्थ बोलावले होते, मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कुणाच्या तरी ओळखीने आलेले, कोपऱ्यात शांत बसलेले. ते म्हणाले, “तुम्ही ज्याच्यावर भांडताय ते आमदारांच्या हातातच नाही.”

मग त्यांनी समजावलं. वीजदर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. महावितरण याचिका दाखल करतं, आयोग सूचना-हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो, आदेश काढतो. तिथे आमदाराचं निवेदन आणि आपलं निवेदन यांत फारसा फरक नाही. २००३ च्या वीज कायद्याने विधिमंडळाला दर ठरवायचा अधिकार ठेवलेला नाही. सरकारला मात्र दोन गोष्टी करता येतात. कलम ६५ खाली एखाद्या वर्गाला अनुदान द्यायचं, पण त्याचे पैसे सरकारने वीज कंपनीला आगाऊ भरायचे. आणि वीज शुल्क कमी करायचं, कारण ते शुल्क राज्याचं स्वतःचं आहे, २०१६ च्या महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियमाखालचं. उद्योगांच्या बिलात साडेसात टक्क्यांनी लागणारी ती ओळ आम्ही इतकी वर्षं बघत होतो, पण आमची सगळी बोंब युनिटच्या दरावर.

विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी, डी प्लस या औद्योगिकदृष्ट्या मागास वर्गातल्या तालुक्यांतल्या उद्योगांना २०१६ पासून सरकार विजेत अनुदान देतं. ते याच मार्गाने. शिरोली त्यात बसत नाही. म्हणजे मागायचं ते ‘वीज स्वस्त करा’ असं नव्हे, ‘ते अनुदान ज्या निकषावर दिलं त्यात वीजप्रधान उद्योग हा निकष घाला, नाहीतर शुल्कात सूट द्या’ असं. रात्र की दिवस हा वाद आयोगापुढच्या हरकतीत लढायचा, आणि एचटीवाल्यांनी स्वतःचा वकील देऊन लढायचा. एवढं ठरलं आणि एकदम अर्धी खोली मोकळी झाली, कारण फौंड्रीवाले बाहेर जाऊन वकिलाच्या फीवर बोलायला लागले.

उरलेल्या यादीला मग तीच चाळणी लावली. हे कुणाच्या सहीने होतं? जीएसटीचा दर परिषद ठरवते. त्यात आपले अर्थमंत्री बसतात हे खरं, पण आमदाराच्या प्रश्नाने तो हलत नाही. रेल्वे दिल्लीची. महामार्गही राष्ट्रीय. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, ट्रक दोन्ही बाजूंना अडकले, तेव्हा वसाहतीतल्या प्रत्येकाचं काही ना काही नासलं. हा विषय सोडवेना. पण तो खासदारांकडे द्यायचा, हे कटू मनाने मान्य झालं.

आलमट्टीवर मात्र आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे बापू म्हणतात, हटून बसले. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची कर्नाटकची तयारी आहे, ती झाली तर कोल्हापूर-सांगलीत पूर आणखी लांबतील, मग तुमचं वीज शुल्क घेऊन काय करताय? त्यांचं बोट दुखऱ्या नसेवर होतं. पण दोन राज्यांचा तंटा लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला, त्यावर एका औद्योगिक वसाहतीच्या निवेदनाने काय व्हायचं? बापूंचा राग जावा म्हणून वेगळं पत्र काढलं. राग गेला नाही.

व्यवसाय कराचं प्रकरण मला स्वतःला आवडलेलं. १९७५ चा कायदा, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून आणलेला. राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली, म्हणजे रक्कम किरकोळ. पण मालकाचा स्वतःचा क्रमांक वेगळा, कामगारांच्या पगारातून कापायचा क्रमांक वेगळा, भरणा वेगळा, विवरणपत्र वेगळं. पैशापेक्षा कटकट मोठी. ‘दोन्ही नोंदण्या एक करा’ ही मागणी सरकारला फुकटात करता येण्यासारखी होती. तरी ती चौथ्या क्रमांकावर पडली आणि तीनात बसली नाही. मतदान झालं होतं, काय करणार.

तीन ठरल्या. वीजप्रधान उद्योगांना अनुदान किंवा शुल्कसूट. वसाहतीतल्या कारखान्यांवर ग्रामपंचायतीचा घरफाळा आणि एमआयडीसीचं सेवा शुल्क असा जो दुहेरी बोजा आहे, त्याचा निकाल. आणि फौंड्रीची टाकाऊ वाळू.

वाळूबद्दल थोडं सांगतो, कारण वसाहतीबाहेर कुणाला याची कल्पना नसते. एक टन कास्टिंग ओतायला चार-पाच टन वाळू साच्यांमधून फिरते. बरीचशी पुन्हा वापरतात, पण बेंटोनाइट, कोळशाची भुकटी, रेझिन यांनी मळत मळत शेवटी काही भाग बाहेर टाकावाच लागतो. टाकायला अधिकृत जागा पुरेशी नाही. मग ती कुठल्या तरी खणीत, ओढ्याकाठी, कुणाच्या भरावात जाते, आणि गावकरी ओरडतात. त्यांचं ओरडणं बरोबरच आहे. ती रस्त्याच्या भरावात, पेव्हिंग ब्लॉकमध्ये वापरता येते. पण सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत तिचं नाव नसेल तर ठेकेदार तिला हात लावत नाही. एक ओळ घालायचा प्रश्न होता. बैठकीत या मुद्द्यावर कुणीच भांडलं नाही. वाळू एचटी-एलटी बघत नाही.

आता मसुदा. मी दीड पानाचं छान भावपूर्ण निवेदन लिहून निवृत्त साहेबांना दाखवलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, “याचं आमदार काय करणार? खिशात घालणार?” मग पिशवीतून जुन्या अधिवेशनाची छापील प्रश्नोत्तरांची यादी काढली. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं ते. प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातला. मंत्रिमहोदय पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? एक, अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

“यात बसतं तेवढंच लिहा,” ते म्हणाले. “आमदाराच्या पीएला ते तसंच्या तसं टाकता आलं पाहिजे. त्याच्याकडे दिवसाला पन्नास कागद येतात. जो कमीत कमी टाइप करायला लागतो, तो पुढे जातो.”

एका मागणीला एक पान, वर प्रश्नाचा साचा, खाली त्याला लागणारे पुरावे. हे लिहिताना खरी दमछाक झाली. भावना लिहायला पुरावा लागत नाही. ‘दुहेरी कर’ म्हणायचं तर एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची दोन्ही बिलं हवीत. बैठकीत टेबलावर मूठ आपटणाऱ्यांकडे बिलं मागितली, तर निम्म्यांनी घरफाळा भरलाच नव्हता. त्यांना आपली थकबाकी आमदाराच्या हातात द्यायची नव्हती. नियमित भरणाऱ्या तिघा-चौघांची बिलं मिळाली, तीही खूप आर्जवं करून. वर एक गुंता असा, की एमआयडीसी उद्योग खात्याखाली आणि ग्रामपंचायत ग्रामविकास खात्याखाली. प्रश्न कुणाला विचारायचा? एकाला विचारला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. साहेब म्हणाले, उद्योगमंत्र्यांना विचारा आणि प्रश्नातच ‘ग्रामविकास विभागासोबत संयुक्त बैठक घेण्यात आली आहे काय’ अशी ओळ घाला. घेतलेली नसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ओळ त्यासाठीच.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, हेही तेव्हाच कळलं. आमची जुनी निवेदनं अधिवेशन सुरू झाल्यावर नागपुरात जाऊन दिलेली असत. तोवर यादी छापून झालेली. त्या वेळी आमदाराच्या हातात उरते ती लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, नाहीतर पुरवणी मागण्यांवरचं भाषण.

जिल्ह्यात विधानसभेचे दहा आमदार. २०२४ च्या निवडणुकीनंतर दहाही सत्तेच्या बाजूचे. कुणालाही वाटेल, हे आमच्या पथ्यावर. तसं नसतं. सत्तेतला आमदार मंत्र्याच्या केबिनमध्ये शिरू शकतो, पण सभागृहात स्वतःच्या मंत्र्याला ‘विलंबाची कारणे काय’ असं विचारताना तो चाचरतो. शेवटी आम्ही दोन वाटा केल्या. वीज शुल्काचा विषय सत्ताधाऱ्यांकडून पत्राने, कारण त्याला वित्त विभागाची मान्यता लागते आणि ती ओरडून मिळत नाही. घरफाळ्याचा प्रश्न विधान परिषदेतल्या विरोधी बाजूच्या एका सदस्याकडून. संघटनेत यावरूनही कुजबुज झाली. ‘त्यांच्याकडे कशाला गेलात?’ अध्यक्षांनी त्याला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

भेटींचं वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळ्या सारख्याच. बाहेरच्या ओसरीवर बदलीवाले, लग्नपत्रिकावाले, दवाखान्याच्या चिठ्ठीवाले, त्यांच्यात आम्ही. काम केलं ते पीएंनी. एकाने तर आमच्या पानातली एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि मला फार बरं वाटलं, म्हणजे वाचलं होतं.

नागपूरला तरीही गेलो. १९५३ च्या नागपूर कराराने उपराजधानीत अधिवेशन ठरलं आणि तेव्हापासून राज्यातला प्रत्येक गाऱ्हाणेकरी डिसेंबरात तिकडे निघतो. आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. कोल्हापूरहून निघून ती सगळं राज्य ओलांडत जाते, आणि एक दिवस-रात्र बसून राहिल्यावर कळतं, की अनुदानाच्या यादीत आपण का नाही. खिडकीतून दिसणाऱ्या बऱ्याच स्टेशनांभोवती धुराडं म्हणून नव्हतं. हे मी आमच्या लोकांना बोललो नाही.

विधान भवनाच्या पासासाठी आमदाराचं पत्र, रांग, तपासणी. रस्त्यात मोर्चे अडवलेले. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, कुठल्या कुठल्या गावचे प्रकल्पग्रस्त. त्यांच्यासमोरून इस्त्रीच्या शर्टात पास गळ्यात अडकवून आत जाताना जरा अवघडलं. एका मंत्र्यांनी चालता चालता आमचं वीज शुल्काचं पत्र घेतलं, कोपऱ्यात ‘तपासून सादर करावे’ असं लिहून सही केली. पूर्वीच्या फाइलीतही असे शेरे होते. फरक एवढाच, की या वेळी आमचा एक माणूस तो कागद घेऊन संबंधित कक्षात गेला आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर आला.

प्रश्नोत्तराच्या तासात आमचा प्रश्न आला नाही. पहिल्या काही प्रश्नांवरच तास संपतो, उरलेल्यांची उत्तरं छापील स्वरूपात पटलावर जातात. आमचं उत्तर असं होतं: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रस्तुत प्रकरणी संबंधित कार्यालयांकडून अहवाल मागविण्यात आला आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

आमची मंडळी खवळली. एवढा खटाटोप करून ‘प्रश्न उद्भवत नाही’? निवृत्त साहेबांना फोन लावला तर ते खूश. “अंशतः खरे म्हणाले ना? मग झालं. इतकी वर्षं ते तुमचं तोंडी गाऱ्हाणं होतं. आता दोन बिलं जातात हे सरकारने सभागृहात कबूल केलंय. आणि अहवाल मागवलाय म्हणाले, तर कधी मागवला, कुठे पोचला, ते माहिती अधिकारात विचारा.”

विचारलं. उत्तर यायच्या आधीच संबंधित कार्यालयातून फोन आला, बैठकीला या, बिलं घेऊन या. त्या बैठकीत ग्रामसेवक, एमआयडीसीचे अधिकारी आणि आम्ही पहिल्यांदाच एका टेबलाशी बसलो. ग्रामपंचायतीची बाजू मला तिथेच नीट ऐकायला मिळाली. तुमच्या कामगारांच्या खोल्या आमच्या गावात, त्यांचं पाणी आमचं, त्यांचा कचरा आमचा, मग कर का नको? यावर आमच्यातल्या कुणालाच चटकन बोलता आलं नाही. कुणी काय गोळा करायचं आणि त्यातलं कुणाला किती, यावर तीन वेगवेगळी मतं झाली आणि इतिवृत्तात तिन्ही लिहिली गेली. निर्णय नाही. पण इतिवृत्त सह्यांचं आहे.

वीज शुल्काची फाइल वित्त विभागात आहे असं सांगतात, तिथून हललेली नाही. वाळूचं आम्ही अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी राखून ठेवलंय. बांधकाम खात्यातल्या एका अभियंत्याने सांगितलं, की निविदेत ओळ घालायची तर आधी वाळूचा प्रयोगशाळेतला अहवाल लागेल, तोही एका फौंड्रीचा नाही, वेगवेगळ्या प्रकारच्या साच्यांच्या वाळूचा. नमुने गोळा करायला दिलेत. तपासणीचा खर्च सगळ्या सभासदांवर सारखा वाटायचा की फक्त फौंड्रीवाल्यांनी उचलायचा, यावर परवाची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. उद्यमनगरचे आण्णा म्हणाले, वाळू तुमची, पैसे तुम्ही भरा. फौंड्रीवाले म्हणाले, कास्टिंग आम्ही ओतलं नाही तर तुम्ही ड्रिल कशाला मारणार? पुढची बैठक गुरुवारी आहे.